बाकी सतरा

माझे वडील शाळेत गणित शिकवायचे आणि घरी चुका काढायचे. दोन्ही कामं त्यांनी सारख्याच निष्ठेनं केली. पाहुण्यानं गाडीची वेळ चुकीची सांगितली तर गाडी निघून गेल्यावरही ते ती दुरुस्त करायचे. लग्नाच्या पत्रिकेत तिथी आणि वार जुळत नसला तर भर पंगतीत, पानावर वरण घ्यायचं थांबवून, मुलीच्या बापाला ते सांगायचे. आवाज असा की नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गल्लीत चार घरं सोडून राहणाऱ्यांनाही आज आमच्याकडे काय चुकलं ते कळायचं. तो राग माझ्यातही जसाच्या तसा आला आहे. त्यामुळे त्या घरात आम्हा दोघांचं भांडण आणि आईचं गप्प राहणं, दोन्ही रोजच्या जेवणाइतकं ठरलेलं होतं.

मूळ संख्या म्हणजे काय, ते त्यांनी मला संत्र्यांवर शिकवलं. हिवाळ्यात आमच्याकडे दुसरं असतं काय? बारा संत्री सतरंजीवर मांडली की चाराच्या तीन ओळी लागतात, सहाच्या दोन लागतात. तेरा घेतली की डोकं आपटा, सारख्या ओळी लागत नाहीत. एक तरी पोरकं उरतं, नाहीतर सगळ्यांची एकच लांब रांग. अशी जी कुणाला सारखी वाटून जात नाही ती मूळ संख्या. आई तिथंच गहू निवडत बसली होती. तिनं त्या तेरातलं एक संत्रं उचललं, सोललं, फोड तोंडात टाकली आणि म्हणाली, "घ्या, आता लावा वळी."

बाबा दिवसभर चिडलेले होते. मला मात्र तेव्हापासून मूळ संख्या म्हटलं की संत्र्याच्या सालीचा वास येतो.

पण बाबांचा खरा जीव अडकला होता तो एकाच संख्येत. दोन गुणिले दोन गुणिले दोन असं करत एकतीस दोन एकमेकांना गुणायचे आणि आलेल्या उत्तरातून एक काढायचा. उरते ती २१४७४८३६४७. दोनशे चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. तिची शेजारीण, एकानंच मोठी, इतकी मऊ की निम्मी करत जा, शेवटी एक उरेपर्यंत निम्मी होतच जाते. आणि ही मात्र निव्वळ दगड. कुठल्याच ओळीत बसत नाही. कॉलेजात त्यांच्या प्राध्यापकांनी सांगितलं होतं की दोनशे वर्षांपूर्वी युरोपातल्या एका गणितज्ञानं, डोळे जवळजवळ गेल्यावर, ही संख्या मूळ आहे हे दाखवून दिलं. त्या काळात माणसाला ठाऊक असलेली ती सगळ्यात मोठी मूळ संख्या होती.

दरवर्षी नववीच्या वर्गात बाबा ती फळ्यावर लिहायचे. पोरं आ वासून बघायची आणि बाबा खूश व्हायचे. एका वर्षी मागच्या बाकावरची एक पोरगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, तुम्ही सोता करून पाह्यलं काय?"

बाबा घरी आले ते धुमसतच. "मी करून पाह्यलं काय म्हणते! पुस्तकात छापून आहे!"

आई म्हणाली, "मंग पुस्तकवाल्यानं पाह्यलं असंल. ते तुम्हाले विचारून राहिली ना."

बाबांनी पुस्तक काढून ते पान पुन्हा वाचलं. लोकांच्या चुका काढणारा माणूस स्वतः न तपासलेली गोष्ट वीस वर्षं वर्गात सांगत होता, हे त्यांना लागलं. पेन्शनीत गेलो की करीन, असं ते म्हणायला लागले.

पेन्शन यायच्या आधी मोतीबिंदू आला. डावा डोळा लहानपणीच देवीच्या साथीत गेला होता. उरला उजवा, आणि तोच दुधाळ व्हायला लागला. सत्तरच्या दशकाची पहिली वर्षं असावीत ती. मी बीएच्या शेवटच्या वर्षाला होते. बाबांनी फळ्यावर लिहिलेल्या ओळी एकमेकींवर चढायला लागल्या. रस्त्यात माणसांना आवाजावरून ओळखायला लागले. धंतोलीतल्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं, तर ते म्हणाले, थंडीत करून टाकू.

डॉक्टर सौम्य होते, पण त्यांनी काही लपवलं नाही. तेव्हाच्या ऑपरेशनला आजच्यासारखं सकाळी गेलं आणि दुपारी घरी आलं असं नव्हतं. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, आणि आठ दिवस उताणं पडून राहायचं. "मास्तर, मान हलवायची नाही. खोकायचं नाही, शिंकायचं नाही, हसायचं नाही आणि रागवायचं तर मुळीच नाही. जखम उघडली तर हा डोळाही गेला समजा. मग मला काही करता येणार नाही."

आई म्हणाली, "डॉक्टरसाहेब, पहिले चार जमतीन."

ती हसत म्हणाली, पण बाहेर आल्यावर रिक्षात तिनं माझा हात धरला आणि तो घरापर्यंत सोडला नाही. एकच डोळा होता आणि तो एका रागीट माणसाच्या मानेवर अवलंबून होता. बाबांना आठ मिनिटं शांत बसलेलं आम्ही दोघींनी कधी पाहिलं नव्हतं. शिवाय त्यांना तपकिरीचं व्यसन. तपकिरीची डबी आईनं त्याच दिवशी संडासात रिकामी केली.

बाबांनी मात्र ऑपरेशनआधीचे दिवस भिंग घेऊन जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर आकडे लिहिण्यात घालवले. जाड निळ्या पेन्सिलीनं, एकेक अंक बोराएवढा. मला वाटलं, नजर जायच्या आधी हात चालवून घेत असतील. तसं नव्हतं. त्यांनी भाजकांची यादी केली होती.

"आता पडून राहाचंच आहे, तं ते काम उरकून टाकू," ते म्हणाले. "मी पडतो, तू भाग."

मी म्हटलं, "बाबा, दहा आकडी संख्या आहे. तिला कशाकशानं भागू? जन्म जाईल."

मग त्यांनी मला त्या संख्येचा स्वभाव सांगितला. मी गणिताचा द्वेष करणारी मुलगी, तरी मला ते आवडलं होतं हे कबूल केलं पाहिजे. त्यांचं म्हणणं असं की ही संख्या कुणाही ऐऱ्यागैऱ्याला दारात उभं करत नाही. तिला भाग गेलाच तर तो अशाच मूळ संख्येनं जाईल, जिला दोनशे अठ्ठेचाळीसनं भागल्यावर बाकी एक किंवा त्रेसष्ट उरते. बाकीच्या सगळ्या आपोआप बाद. आणि सेहेचाळीस हजार तीनशे चाळीसच्या पलीकडे बघायची गरज नाही, कारण त्यापेक्षा मोठा भाजक असलाच तर त्याचा जोडीदार त्याच्या अलीकडे असणार, आणि तो आधीच सापडला असता. एवढी चाळणी लावल्यावर कॅलेंडरवर शंभराच्या आतच भाजक उरले होते. रोजचे दहा-बारा केले की झालं.

आईला त्या संख्येपेक्षा तिच्यातून निघणारी दुसरीच संख्या आवडायची. बाबांनी ती एकदा साताच्या उदाहरणानं सांगितली होती. सात ही अशाच घराण्यातली, आठातून एक काढलेली. तिला आठाच्या निम्म्यानं, चारानं, गुणलं की अठ्ठावीस निघते, आणि ती स्वतः सोडून अठ्ठाविसाला ज्यांनी ज्यांनी भाग जातो ते एक, दोन, चार, सात, चौदा मिळवले की पुन्हा अठ्ठावीसच भरतात. तसंच या मोठीतूनही एक प्रचंड संख्या निघते, जिच्यातले सगळे जमवले की नेमकी तीच होते. पण मोठी खरंच मूळ असेल तरच. आई म्हणाली होती, "म्हणजे साऱ्यायले बोलावलं की घर बरोबर भरते. ना कोणी जास्त, ना कमी." त्या दिवसापासून ती त्या संख्येला घर भरणारी म्हणायची.

ऑपरेशन नीट झालं. पहिल्या दिवशी शुद्धीवर आल्याबरोबर बाबांचं सुरू झालं. "ह्या पिशव्या काहून ठेवल्या? मी काय धरण आहो?" आई एका बाजूनं, मी दुसऱ्या बाजूनं डोकं धरून बसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाटी काढली.

आमची पद्धत अशी. मी कॅलेंडरवरून भाजक वाचायचे, पाटीवर भागाकार करायचे आणि आलेला भागाकार आणि बाकी मोठ्यानं सांगायचे. बाबा पट्टीच्या आत ताळा पाहायचे. ताळा आता कुणाला येत नाही, म्हणून सांगते. संख्येतले अंक मिळवत जायचे, एकच अंक उरेपर्यंत. आमच्या संख्येचा ताळा एक. भाजकाचा ताळा आणि भागाकाराचा ताळा यांचा गुणाकार करायचा, त्यात बाकीचा ताळा मिळवायचा. त्या सगळ्याचा ताळाही एक आला, तर ताळा बसला. पहिला भाजक तीनशे अकरा. भागाकार एकोणसत्तर लाख पाच हजार ब्याण्णव, बाकी पस्तीस. पाच चोक वीस, विसाचे दोन. पस्तिसाचे आठ. दोन आणि आठ दहा, दहाचा एक.

"समोर," बाबा म्हणाले.

पुण्याची माणसं 'पुढे' म्हणतात. नागपुरात पुढे काही नसतं, सगळं समोर असतं. 'समोर' म्हटलं की मी ओल्या फडक्यानं पाटी पुसायचे आणि नवा भाजक घ्यायचे. ताळा बसला नाही तर बाबा नुसतं "हूं" करायचे, आणि त्या हुंकारात माझ्या सात पिढ्यांचा उद्धार असायचा. पण मान हलायची नाही. खोलीत नर्स आली तर तिला वाटायचं, मास्तर जप करत आहेत.

"ताळ्यावर पुरा विश्वास ठेवजो नको," हे मात्र त्यांनी बजावलं होतं. "ताळा चोर पकडते. पण चोरानं जागा बदलली तं त्याले दिसत नाही. त्र्याऐंशीचे अडतीस केले तरी ताळा तोच."

तिसऱ्या दिवसापासून दुपारची पाळी आईकडे गेली, कारण मला कॉलेजला जायचं होतं. आई उमरेडची. तिच्या माहेरी हातमाग होता, आणि शाळा सातवीपर्यंत झालेली. पाढे तिला माझ्यापेक्षा चांगले यायचे, भागाकार ती सावकाश पण सुबक करायची. मी संध्याकाळी डबा घेऊन आले की दोघं आपापल्या जागी असायचे, ती स्टुलावर, ते पलंगावर, आणि मध्ये पाटी. एवढ्या वर्षांच्या संसारात ती दोघं इतका वेळ एकमेकांशी भांडल्याशिवाय बोलल्याचं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मला थोडा मत्सरही वाटला.

पाचव्या दिवशी संध्याकाळी आले तर आई अगदी गप्प. गप्प तर ती नेहमीच असायची, पण हे वेगळं होतं. डबा उघडला, बाबांना चमच्यानं पातळ वरणभात भरवला, स्वतः घास घेतला नाही. मी विचारलं तर म्हणाली, "पोट जड आहे." दुसऱ्या दिवशीही तसंच. तेव्हा ती मागच्या नळावर डबा धुवायला गेली, आणि मी तिच्यामागं गेले.

"काय झालं, ते सांग."

ती डबा घासतच राहिली. मग म्हणाली, "मोडली वं ते."

"काय मोडली?"

"त्यायची संख्या. माह्या हातानं मोडली. भाग पुरा गेला. बाकी काहीच नाही उरली."

मी हसणारच होते. दोनशे वर्षं जगातल्या कुणाला न सापडलेला भाजक माझ्या आईला धंतोलीत पाटीवर सापडला! पण तिनं वर पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"ताळा पाह्यला मी. दोनदा पाह्यला. बसते. अन् मंग ते दुसरी, घर भरणारी, ते बी गेली ना?" ती म्हणाली. "सूत तुटलं तं गाठ मारून समोर जाता येते. याले काय गाठ मारू? त्यायले सांगतलं असतं तं ताडकन् उठून बसले असते. डोळा गेला असता वं."

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, बाकी सतरा."

"आणि ते काय म्हणाले?"

"जरा थांबले. मंग म्हणे, समोर."

आता मात्र मी घाबरले, आणि ते संख्येसाठी नव्हे. मनानं रचलेल्या बाकीचा ताळा बसायची शक्यता कमीच. मी तिथंच बोटांवर पाहिला: बाकी नसताना एक येत होता, त्यात सतराचे आठ मिळवले की नऊ. नव्हता बसत. आणि बाबा 'समोर' म्हणाले होते. ज्या माणसानं आयुष्यात चूक सोडली नाही, त्याच्या कानाखालून ती गेली होती. संख्या मोडली नाही, बाबा मोडले, असं मला वाटलं. ते म्हातारे झाले, हे मला त्या नळावर उभं असताना कळलं आणि फार वाईट वाटलं. त्यांच्याशी रोज भांडणारी मी, त्यांनी कधी हरावं अशी माझी इच्छाच नव्हती.

भाजक आईच्या लक्षात होता. व्हरांड्यात बसून मी तो पाटीवर पुन्हा केला. बाकी उरली, चांगली चार आकडी. आईला दाखवलं, तरी तिचा विश्वास बसेना. मग मी तिला विचारत विचारत गेले, आणि कळलं ते असं. भागाकार मध्यावर आला असताना शेजारच्या पलंगाजवळ बसलेल्या एका म्हाताऱ्यानं तपकिरीची डबी उघडली. बाबांच्या नाकपुड्या फुलल्या. आईनं पाटी मांडीवर टाकली, झेप घेतली आणि त्यांच्या ओठाच्या वर, नाकाखाली, बोट दाबून धरलं. आलेली शिंक परत गेली. त्या म्हाताऱ्याला तिनं हातानंच असं बाहेर काढलं म्हणे की तो डबी विसरून गेला. पाटीवरची शेवटची ओळ पदरानं पुसली गेली होती. ती तिनं आठवून पुन्हा लिहिली, आणि लिहिताना दोन अंकांनी जागा बदलली. मी मुद्दाम तसे उलटे लिहून समोर केलं, तर बाकी शून्य. ताळाही बसला. चोर जागा बदलून बसला होता.

आई पदरानं तोंड झाकून हसली आणि रडली. मग एकदम म्हणाली, "त्यायले आता काही सांगजो नको. आधी पट्टी निघू दे."

पुढचे दिवस आम्ही दोघी तेच करत राहिलो. भाजक, भागाकार, बाकी, समोर. बाबा पूर्वीसारखेच पडून होते, फक्त माझ्यावर 'हूं' करणं कमी झालं होतं. त्याचाही मी तोच अर्थ लावला. शेवटचा भाजक झाला तेव्हा मी म्हटलं, "झालं बाबा. एकानंही भाग गेला नाही." मला वाटलं, आता ते निदान ओठांनी हसतील. ते नुसतं "बरं" म्हणाले.

पट्टी काढायच्या दिवशी सकाळी खोलीचे पडदे ओढलेले होते. डॉक्टरांनी कापूस ओला करून हळूहळू पट्टी सोडवली. बाबांनी पापणी उघडली, मिटली, पुन्हा उघडली. डॉक्टरांनी हात वर केला. "मास्तर, किती बोटं?"

"तीन," बाबा म्हणाले. "मूळ संख्या आहे."

डॉक्टर हसत गेले. आई पलंगाच्या पायथ्याशी उभी होती, ती त्यांची चादर सारखी करायला लागली. चष्मा मिळायला अजून महिना-दीड महिना होता, तोवर सगळं धुरकटच दिसणार होतं. पण दिसणार होतं.

बाबांनी तिच्या दिशेनं हात केला नाही की काही गोड बोलले नाहीत. ते मला म्हणाले, "पाटी घे. तो पाचव्या दिवशी दुपारचा भाजक पुन्हा कर. ज्याची बाकी सतरा सांगतली तो."

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो.

"केलाय, बाबा," मी म्हटलं. "बाकी उरते. आईचे दोन अंक उलटे पडले होते."

"असं," ते म्हणाले, आणि त्यांनी इतका मोठा श्वास सोडला की छातीवरची चादर खाली गेली. तो श्वास त्यांनी किती दिवस धरून ठेवला होता ते तेव्हा मला कळलं. मग त्यांनी खरी बाकी विचारली, ताळा पाहिला आणि मान हलवली. मान हलवायची आता परवानगी होती.

आई हळूच म्हणाली, "तुम्हाले माहीत होतं?"

"भाजकाचा अन् भागाकाराचा मिळूनच ताळा एक आला," बाबा म्हणाले. "म्हणजे बाकी शून्य पाहिजे, नाहीतं नऊ, अठरा, अशी कोणती. सतरा कुठून येते? समजलं मले, तू काय लपवून राहिली ते."

"मंग बोलले काहून नाही?"

बाबांनी चादर छातीवर ओढून घेतली.

"बोललो असतो तं तू रडली असती," ते म्हणाले. "अन् तू रडताना ऐकलं असतं तं मी उठलो असतो."

आईनं पाटी उचलली आणि ती कोरडीच होती तरी पुसत बसली. मी बाहेर व्हरांड्यात निघून आले. मला भांडता येतं, अशा वेळी काय करायचं ते येत नाही.

चष्मा आल्यावर बाबा शाळेत गेले, आणि पुढच्या नववीला त्यांनी ती संख्या फळ्यावर लिहून सांगितलं म्हणे की ही आमच्या घरी तपासून झालेली आहे. त्यांचा आवाज पुन्हा चार घरं ओलांडायला लागला. माझ्या चुका ते पहिल्यासारख्याच काढायचे. पण आई काही चुकीचं बोलली, एकादशीचा दिवस चुकली, खाप्याला राहणाऱ्या आत्याच्या मुलीचं लग्न भलत्याच वर्षी झालं म्हणाली, की बाबांचं तोंड उघडायचं, थांबायचं, आणि मग ते म्हणायचे, "समोर." मला याचा राग यायचा. मला कधी असं सोडलं नाही त्यांनी.

ऐंशीच्या दशकात माझ्या नवऱ्याच्या ऑफिसात संगणक आला. त्यानं हौसेनं ती संख्या घालून पाहिली आणि बाबांना येऊन सांगितलं, की तुमचं आठ दिवसांचं काम त्यानं पापणी लवायच्या आत केलं. बाबांनी जाड भिंगांतून त्याच्याकडे पाहिलं. "त्या मशीनले शिंक येते काय?" त्यांनी विचारलं.

त्याच काळात आईला लकवा झाला. एक बाजू गेली, वाचा राहिली, पण बोलणं भरकटायला लागलं. ती मला आपली बहीण समजायची, गेलेल्या माणसांना जेवायला वाढा म्हणायची, भिंतीपलीकडे माग चालू आहे असं सांगायची. बाबा तिच्या पलंगाजवळ लाकडी खुर्चीत बसायचे. तेव्हा ते सत्तरीला टेकले होते, गुडघ्यांनी बेजार. ती काहीही बोलली की ते म्हणायचे, "समोर." ती आणखी काही सांगायची. "समोर." मी चूक सुधारायला गेले तर हातानंच मला थांबवायचे.

एका दुपारी मी चहा घेऊन आले. आई डोळे उघडे ठेवून बाबांकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर ती जुनी, धंतोलीतली काळजी होती. चांगला हात तिनं चादरीतून बाहेर काढला, हवेत उचलला, बोट पुढं केलं, त्यांच्या नाकाखाली दाबायला. पोचत नव्हतं. बाबा वाकले आणि त्यांनी आपला चेहरा तिच्या बोटापाशी नेला.

"हलू नका जी," आई म्हणाली. "पट्टी निघाची आहे अजून."

"नाही हलत," बाबा म्हणाले.

तिला झोप लागली तरी तिचं बोट तिथंच होतं. बाबा तसेच वाकून बसले होते. गुडघे दुखत असणार, पाठ दुखत असणार. मी चहाचा कप खिडकीत ठेवला आणि म्हटलं, "बाबा, झोपली ती. आता सरळ बसा."

त्यांनी मला नजरेनंच गप्प केलं. खिडकीतला चहा गार झाला, तरी ते हलले नाहीत.